तीस वाक्यांतला ‘मी’

एकच पान आहे. त्यावर एकाखाली एक तीस विधानं, आणि प्रत्येकासमोर चार गोल: क्वचित किंवा कधीच नाही, अधूनमधून, बऱ्याचदा, जवळजवळ नेहमी. वर छोटीशी सूचना. माणसं निरनिराळ्या प्रसंगी निरनिराळी वागतात, तुम्ही कसं वागता आणि विचार कसा करता ते इथे मोजायचं आहे, असं सांगून ती सूचना बजावते की एकेका विधानावर फार वेळ घालवू नका, झटपट आणि खरं उत्तर द्या. कागदाचं काम माणसाचा उतावळेपणा मोजणं, आणि त्यासाठी आधी त्यालाच घाई करायला लावलेली. सूचना पाळून भराभर खुणा करत गेला तो आज्ञाधारक म्हणायचा की उतावळा? दर विधानापाशी पेन थांबवून मागचं वर्ष आठवत बसला त्यानं सूचना मोडली खरी, पण आपला स्वभाव नीट दाखवला तो त्यानंच. लिहिणाऱ्यांना ही गंमत दिसली होती की नाही, कोण जाणे. अशा जागांमुळेच मला हा मजकूर पुन्हापुन्हा वाचावासा वाटतो.

नाव बॅरट इम्पल्सिव्हनेस स्केल, अकरावी आवृत्ती. संशोधक नुसतं बीआयएस-११ म्हणतात. आत्महत्येच्या अभ्यासात ‘उतावळा स्वभाव’ मोजायचा म्हटलं की जी मोजपट्टी सगळ्यांत आधी हाताशी येते ती ही. प्रश्नावलीचं कुणी रसग्रहण करतं का, असं विचारलं जाईल. करायला हरकत नसावी. जो मजकूर वाचणाऱ्याच्या तोंडून तीसदा ‘मी’ वदवून घेतो, त्याचा निवेदक कोण, तो राहतो कुठे, पैसे कुठून आणतो, संध्याकाळी काय करतो, हे विचारणं वाचकाचं कामच आहे. मी हा कागद जामखेडात वाचतो. त्यामुळे काही ओळी मला अशा ऐकू येतात, जशा त्या टेक्सासात कुणाला ऐकू आल्या नसतील.

टेक्सास अशासाठी, की अर्नेस्ट बॅरट तिथले. १९५९ साली त्यांनी या प्रश्नावलीचं पहिलं रूप मांडलं तेव्हा आत्महत्या हा विषय त्यांच्यासमोर नव्हता. मनातली चिंता आणि उतावळेपणा एकमेकांत मिसळू न देता वेगवेगळे मोजता येतील का, आणि हाताच्या कामातल्या सफाईशी दोघांचा संबंध काय, एवढाच त्यांचा सवाल होता. पुढची साडेतीन दशकं विधानं बदलत गेली, काही गळाली, काही नवी आली. १९९५ मध्ये पॅटन, स्टॅनफर्ड आणि बॅरट यांनी आजचं रूप छापलं. त्यासाठी ४१२ कॉलेज विद्यार्थी, २४८ मनोरुग्णालयातले रुग्ण आणि ७३ तुरुंगातले कैदी यांच्याकडून उत्तरं घेतली होती. तीस विधानांचे तीन गट पडले: लक्ष न ठरणं, विचाराआधी हात चालणं, आणि पुढचं न आखणं. प्रत्येक विधानाला १ ते ४ गुण, म्हणजे बेरीज ३० ते १२०.

कारागिरी पाहण्यासारखी आहे. तीसपैकी अकरा विधानं उलट्या तोंडाची आहेत. मी कामं नीट आखून करतो, मी नियमानं शिल्लक टाकतो, मला कोडी सोडवायला आवडतात, अशा अर्थाची ही विधानं शहाण्या माणसाच्या तोंडी शोभतील, आणि त्यांचे गुण उलटे मोजले जातात. ती एका जागी नाहीत. पहिलंच विधान उलटं, मग पाच सुलट, मग सलग चार उलट. एकाच रांगेतले गोल काळे करत जाणारा त्यामुळे सापडतो. भाषा कोरडी, वाक्यं आखूड, सगळी वर्तमानकाळातली. ‘आवेगाच्या भरात करतो’ आणि ‘त्या क्षणी सुचेल ते करतो’ ही जवळजवळ जुळी विधानं एकच घर सोडून बसवली आहेत. पहिल्याला ‘क्वचित’ म्हणणारा दुसऱ्याला ‘बऱ्याचदा’ म्हणतो का, हे बघण्यासाठीच जणू. आणि या माणसाला दोनदा नाटकाला किंवा व्याख्यानाला नेलं आहे: अकराव्या विधानात तो खुर्चीत चुळबुळ करतो, अठ्ठाविसाव्यात अस्वस्थ होतो. मधल्या सोळा ओळींत त्याची नोकरी, घर, खरेदी, छंद सगळं येऊन जातं. कंटाळा तसाच राहतो.

हा निवेदक आता ओळखू येतो. त्याला पगार आहे. पगारापेक्षा जास्त खर्च करण्याची सोय आहे. नोकरी टिकेल की नाही याची तजवीज तो करू शकतो. प्रवास आधीपासून आखू शकतो. राहतं घर बदलतो ते मनात आलं म्हणून. छंद बदलायला त्याच्यापाशी मुळात छंद आहेत. शिस्तीनं राहायचं की मनाला येईल तसं, हे ज्याच्या स्वतःच्या हाती आहे असा माणूस आहे हा. म्हणून तर त्याच्या बेशिस्तीचा दोष त्याच्या स्वभावाला देता येतो.

आता हाच कागद जामखेड, आष्टी, पाटोदा, पाथर्डी या पट्ट्यातल्या एखाद्या कोयत्याच्या हाती द्यावा. कोयता म्हणजे ऊसतोडीला जाणारं नवरा-बायकोचं जोडपं. कुठल्या एका घराबद्दल सांगत नाही, मनाशी उत्तरं भरून पाहतो आहे. घर बदलता? दरसाल. दसरा-दिवाळीच्या सुमारास गावातलं घर बंद करून कारखान्यावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत जायचं, आणि तोड हलेल तशी कोपीही हलवायची. चार गुण. काम बदलता? पावसाळ्यात आपली कोरडवाहू किंवा दुसऱ्याची खुरपणी, हंगामात ऊस. चार गुण. मिळकतीपेक्षा जास्त खर्च? मुकादमाकडून उचल घेतली ती काम करायच्या आधी, दवाखान्याला नाहीतर लग्नाला लागली, आणि हंगाम संपला तरी पूर्ण फिटली नाही. चार. शिल्लक टाकता? नाही, म्हणून उलटे चार. काम टिकण्याची आधी तजवीज? पुढच्या साली कोणता मुकादम, कोणता कारखाना, नगर जिल्हा की कोल्हापूर की कर्नाटक, ते ठरवणारा दुसराच. चार. प्रवास आखता? ट्रक येईल तेव्हा निघायचं. चार. सहा विधानांचे चोवीस झाले. उरलेल्या चोवीस विधानांना हा माणूस अगदी बेताचा धरू, प्रत्येक ठिकाणी दोनच गुण. अठ्ठेचाळीस. बेरीज ७२.

आणि ७२ हा साधासुधा आकडा नाही. २००९ मध्ये, या मोजपट्टीला पन्नास वर्षं झाली तेव्हा, स्टॅनफर्ड आणि सहकाऱ्यांनी आढावा घेताना लिहिलं की ७२ आणि त्यावर गेलेल्याला अतिशय उतावळा समजावं, ५२ ते ७१ हे नेहमीच्या माणसाचं, आणि ५२ च्या खाली आला तर एक तर तो स्वतःवर अती ताबा ठेवणारा आहे किंवा त्यानं खरी उत्तरं दिलेली नाहीत. (शेवटच्या वाक्यातला संशय मला फार आवडतो. चांगल्या वागण्याला शास्त्रानं एक मर्यादा घालून दिली आहे.) म्हणजे आमचा कोयता एकही गोष्ट आवेगात न करता, पहाटे तीनला उठून मोळ्या बांधत बांधत, अतिउतावळ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. इथे स्वभावाच्या नावावर मोजला गेला तो पाऊस, उचल आणि गाळप हंगाम.

नाटक-व्याख्यानाची विधानंही इथे वेगळी वाजतात. सप्त्यात कीर्तनाला बसलेला माणूस मध्येच उठून मंडपाबाहेर तंबाखू मळायला जातो, दोन माणसांशी बोलतो, पुन्हा येऊन टाळ्या वाजवतो. त्याला कुणी चंचल म्हणत नाही. खुर्चीला खिळून मुकाट्यानं दोन तास ऐकायचं, हा रिवाज जिथे आहे तिथेच चुळबुळ हे लक्षण ठरतं. प्रवासाच्या विधानाला तर जामखेडात हसूच येतं. रेल्वे इथे आलेली नाही. स्टँडवर जाऊन उभं राहायचं आणि लागेल ती एसटी पकडायची, हीच इथली आखणी.

यात बॅरट यांचा दोष काढायचा नाही. त्यांनी ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांच्यापुरता हा कागद चोख आहे. नाटकाच्या जागी सिनेमा घातला की विधान आपल्याकडचं झालं, असं मानणाऱ्यानं मात्र थोडं थांबावं.

मला वाचक म्हणून जे सलतं ते आणखी वेगळं आहे, आणि त्याला गाव-शहर असा भेद नाही. या तीस विधानांत ‘जेव्हा’ जवळपास नाहीच. मी विचार न करता वागतो. कधी? भांडण झाल्यावर? पोटात दारू असताना? सावकार दारात येऊन गेल्यावर? की सदासर्वकाळ, बाजारात पेरू घेतानाही? निवेदकाचा एक कायमचा स्वभाव आहे आणि तो सगळीकडे सारखाच दिसतो, असं धरून सगळी वाक्यं बांधली आहेत. बॅरट यांचा निवेदक नाटकात कंटाळतो, पण रागावत कधीच नाही. तीस विधानांत एकही भांडण नाही, रडणं नाही, दुसरं माणूससुद्धा नाही. मुळात चिंतेपासून वेगळा काढलेला उतावळेपणा मोजायचा होता, त्यामुळे भावना बाहेर राहिल्या हे समजण्यासारखं आहे. पण हाच कागद पुढे आत्महत्येच्या अभ्यासात आला, जिथे भावनेवाचून काहीच घडत नाही.

ही उणीव व्हाइटसाइड आणि लायनम या दोघांनी २००१ मध्ये भरून काढली. उतावळेपणा नावाची एकच वस्तू नसून वेगवेगळ्या चार प्रवृत्तींना आपण एकच नाव देत आलो, असं त्यांनी दाखवलं: मन बिघडलं की ताबा सुटणं, आधी विचार न करणं, धरलेलं तडीला न नेणं, आणि थरार शोधत फिरणं. यूपीपीएस या त्यांच्या प्रश्नावलीत पहिल्या प्रवृत्तीची विधानं वाचताना एकदम मोकळं वाटतं. तिथे वाक्याच्या सुरुवातीला मन दुखावलेलं असतं, आणि पुढच्या अर्ध्यात माणूस नंतर पस्तावणारं काहीतरी करून बसतो. जेव्हा आलं, तेव्हा आलं, मधे एक घटना आली. आखूड का होईना, ती गोष्ट झाली. बॅरट यांच्या तीस ओळी माणसाचं वर्णन करतात. इथल्या एका ओळीत त्या माणसाला काहीतरी होतं. रसिक म्हणून मी दुसऱ्या बाजूला आहे.

या नव्या विभागणीनं संशोधनाला काय दिलं? डेव्हिड क्लोन्स्की आणि अ‍ॅलेक्सिस मे यांनी २०१० मध्ये सैन्यात नव्यानं भरती झालेले, कॉलेजातले आणि शाळेतले अशा तीन गटांत हे तपासलं. मरणाचे विचार येऊनही प्रयत्न न केलेले आणि प्रयत्न केलेले, दोघांतही मन बिघडल्यावर ताबा सुटण्याची प्रवृत्ती सारखीच चढी होती. फरक दिसला तो आधी विचार न करण्यात. विचार मनात येणं आणि त्यावर पाऊल उचलणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि ‘उतावळा’ हा एकच शिक्का दोन्हींवर मारला की दोन्ही दिसेनाशा होतात. चार वर्षांनी मायकेल अ‍ॅनेस्टिस आणि सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा उतावळा स्वभाव आणि आत्महत्येचं वर्तन यांचा संबंध निघाला, पण बारीक. तयारी न करता झालेला प्रयत्न उतावळ्या स्वभावाच्या माणसाकडूनच होतो, हेही त्यातून निघालं नाही.

इथे माझ्या परिसरातल्या बोलण्याकडे जरा कान द्यावा. ‘रागाच्या भरात केलं’ असं लोक म्हणतात आणि लगेच जोडतात, ‘तसा स्वभावानं फार शांत होता हो.’ ऐकणाऱ्याला ही विसंगती वाटते, कुटुंबाची सारवासारव वाटते. अ‍ॅनेस्टिस यांच्या आकड्यांजवळ ठेवून पाहिलं तर त्यात विसंगत काहीच नाही. कृती तडकाफडकीची असू शकते आणि करणारा आयुष्यभर सबुरीचा. उलट दिशेनंही असंच आहे. अलेक्झांडर डोम्ब्रोव्स्की आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये वयस्कर रुग्णांना आज थोडे पैसे की काही दिवसांनी जास्त, अशी निवड करायला सांगितली. ज्यांचे प्रयत्न जिवावर बेतण्याइतके गंभीर होते, ते थांबून मोठी रक्कम घ्यायला जास्त तयार होते. म्हणजे सबुरी हीदेखील दरवेळी राखणदार नसते. आणि हाच पैशांचा सवाल उचल घेणाऱ्याला विचारला तर? आज हातात पडणारी रक्कम तो घेईलच. त्याला वाट पाहता येत नाही म्हणून नव्हे. घरात आजारी माणूस वाट पाहू शकत नाही म्हणून.

स्वभावाऐवजी कृती मोजायची दुसरी परंपराही आहे. अ‍ॅरन बेक यांनी १९७४ च्या सुमारास आत्महत्येच्या प्रयत्नामागचा इरादा मोजणारी पंधरा मुद्द्यांची यादी तयार केली. तिचा शेवटचा मुद्दा आधी किती विचार केला होता हा, आणि तिथे तीन घरं आहेत: मुळीच नाही, तीन तासांपर्यंत, तीन तासांहून जास्त. तीनच तास का, असा प्रश्न मनात येतो. सकाळी शेतावर झालेलं भांडण दुपारच्या भाकरीपर्यंत तीन तासांचं होतं. पण सुनेला रोज थोडं थोडं खाणारं बोलणं कुठून मोजायचं? लग्न झाल्यापासून, की आज सकाळी चुलीपाशी जे बोललं गेलं तिथून? ह्यूस्टनमध्ये प्रयत्नातून वाचलेल्या १५३ तरुणांच्या एका अभ्यासात (२००१) साधारण चौथा हिस्सा म्हणाला की निर्णय आणि कृती यांत पाच मिनिटांहून कमी वेळ गेला. हा आकडा फार फिरतो, आणि ‘अचानक झालं’ असं सांगायला वापरला जातो. पण ती पाच मिनिटं शेवटच्या निर्णयाची आहेत. त्याआधीच्या महिन्यांचं काय, ते या आकड्यात नाही. तरीही तो टाकाऊ नाही. शेवटची लाट आखूड असते, ओसरते, आणि तेवढ्यात कुणी शेजारी येऊन बसलं, कुणी टेलि-मानसचा १४४१६ लावून दिला, तर माणूस पुढच्या दिवसापर्यंत पोचू शकतो, हे त्यातूनच कळतं.

प्रश्नावलीचा आणखी एक घटक मजकुरात छापलेला नसतो: ती कुठे बसून भरली गेली. आत्महत्येच्या अभ्यासात ती बहुधा प्रयत्नानंतर भरली जाते, दवाखान्याच्या खाटेवर. पोलीस जबाब घेऊन गेलेले किंवा यायचे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नं प्रयत्न करणाऱ्याला तीव्र ताणाखाली असलेला मानलं, शिक्षेपासून दूर ठेवलं, आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेत जुन्या ३०९ सारखं सरसकट कलम नाही. पण खाटेभोवतीच्या नातेवाइकांपर्यंत कायदा सावकाश पोचतो. तिथे ‘चुकून झालं’ हे पहिलं उत्तर असतं, ‘रागात झालं’ हे दुसरं. दोन्ही उत्तरांना घराचं नाव सांभाळायचं असतं. अशा वेळी ‘मी विचार न करता वागतो’ समोर आलं तर ‘बऱ्याचदा’वर खूण करणं सोयीचं. आधीपासून ठरवलं होतं, असं कबूल करण्यापेक्षा उतावळं ठरणं बरं. मग संशोधकाच्या तक्त्यात उतावळेपणा आणि आत्महत्या यांचा संबंध ठळक उमटतो, आणि त्यातला किती स्वभावाचा, किती त्या खाटेचा, ते वेगळं काढता येत नाही.

जामखेडात मानसिक आरोग्याचा अभ्यास झाला तो वेगळ्या साहित्यप्रकारातून, आणि मला त्याचं अप्रूप वाटतं. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्यानं १९७० मध्ये इथे सुरू केलेला ग्रामीण आरोग्य प्रकल्प जगाला माहीत आहे तो गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या बायकांमुळे. त्यांतल्या कितीजणींना सुरुवातीला अक्षरओळखही नव्हती. २००७ च्या अखेरीस मिशेल कर्मोड, शोभा आरोळे, अँथनी जॉर्म आणि सहकाऱ्यांनी इथल्या २४० गावकऱ्यांना आणि ६० आरोग्य कार्यकर्त्यांना प्रश्न विचारले, पण आधी दोन छोट्या गोष्टी ऐकवल्या. एकीत उदासीनतेनं ग्रासलेलं माणूस, दुसरीत भ्रमात गेलेलं. याला काय झालं असेल, कशानं, काय केलं तर बरं वाटेल, असं मग विचारायचं. इथे ‘मी’ नाही, ‘तो’ आहे किंवा ‘ती’. जी बाई स्वतःबद्दल चार गोलांत एक शब्द काढणार नाही, ती शेजारणीच्या गोष्टीवर भरभरून बोलते, आणि बोलता बोलता स्वतःचंही सांगून जाते. ओवी गाणाऱ्यांना ही युक्ती शिकवावी लागत नाही. कर्मोड आणि आणखी काही सहकाऱ्यांनी त्याआधी प्रकल्पाशी जोडलेल्या बायकांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या होत्या. मानसिक आरोग्य म्हणजे ताण नसणं, असं त्या बायकांचं म्हणणं निघालं, आणि ताणाची कारणं: नवऱ्याशी आणि सासूशी खटके, घरातली मारहाण, गरिबी. या यादीत स्वतःच्या स्वभावाला फारशी जागा नाही. बॅरट यांच्या कागदात दुसरं माणूस नाही, आणि इथे तर दुसऱ्या माणसांशिवाय काहीच नाही.

उतावळेपणा नेमका कुठे असतो, माणसात की प्रसंगात, याचं सगळ्यांत कडक उत्तर श्रीलंकेनं दिलं आहे. तिथे १९९५ च्या आसपास आत्महत्येचं प्रमाण जगातल्या सर्वांत वरच्या देशांत होतं. अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आली आणि पुढच्या वीस वर्षांत हे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. लोकांचे स्वभाव एवढ्या काळात बदलले असतील असं कुणी म्हणणार नाही. दुसरा प्रयोग त्याच देशातला: १८० गावं घेऊन त्यांतल्या निम्म्या गावांत घरोघरी फवारणीची औषधं ठेवायला कुलपाच्या पेट्या देऊन पाहिल्या. २०१७ मध्ये निकाल आला की त्यानं फरक पडला नाही. हे दोन निकाल मी एका मजकुराच्या दोन कडव्यांसारखे वाचतो. पेटीची किल्ली घरातच असते, आणि घरातलं माणूस थांबून, शोधून, किल्ली काढू शकतं. निव्वळ क्षणाचा झटका असता तर कुलपानं अडवलं असतं. बाजारात ते औषधच नसेल तर मात्र राग तोच, माणूस तोच, भांडणही तेच, आणि पुष्कळ जण वाचतात. ‘उतावळा स्वभाव’ या कल्पनेवर एवढी अचूक टीका मला कुठल्या मानसशास्त्राच्या पुस्तकात सापडली नाही.

तर मग ही तीस विधानं बाजूला ठेवून द्यावीत? मला तसं वाटत नाही, आणि त्याला कारण तेविसावं विधान. सगळ्या कागदातली ही सर्वांत चांगली ओळ असं माझं मत आहे. निवेदक तिथे सांगतो की आपल्याला एका वेळी एकाच गोष्टीचा विचार करता येतो. आजूबाजूच्या खरेदी-छंदांच्या गर्दीत ही ओळ सहज नजरेआड होते. गुण देताना हा उणेपणा समजतात, उतावळेपणाकडे जातो. पण आत्महत्येच्या अभ्यासाचे जुने जाणकार एडविन श्नाइडमन यांनी मरणाच्या काठावरच्या मनाची जी खूण वारंवार सांगितली ती हीच: विचार आक्रसत जातो, बाकीचे रस्ते दिसेनासे होतात, एकच उरतो. टेक्सासातल्या या कागदानं तीस विधानांत आत्महत्येचा उल्लेख एकदाही केलेला नाही, आणि तरी या एका ओळीत तो नकळत अगदी जवळ येऊन गेला आहे. ही ओळ मोठ्यानं वाचावी, गोल भरून घ्यायची घाई करू नये, आणि पुढे एवढंच विचारावं: असं कधी होतं? माझ्या समजुतीप्रमाणे त्या वेळी समोरचं माणूस बोलू लागतं, आणि जे बोलतं त्यात उचल असते, नवरा असतो, परत न आलेला मुलगा असतो.

१९९५ च्या त्या लेखातलं घटकांचं कोष्टक पाहण्यासारखं आहे. आकडेमोडीत जी विधानं एकमेकांबरोबर हलतात त्यांची आधी लहान मोट बांधली जाते, आणि अशा मोटांचे मग वरचे तीन गट होतात. तेविसावं विधान लक्ष न ठरण्याच्या गटात पडेल असं वाटतं. तसं झालेलं नाही. ते पडलं आहे पुढचा विचार करण्याच्या विधानाबरोबर, आणि आणखी दोघांबरोबर: एक काम बदलण्याचं, दुसरं राहतं घर बदलण्याचं. पॅटन आणि मंडळींनी या मोटेला चिकाटीचं नाव दिलं आहे. कोपीत राहून आलेल्या कुणी ते कोष्टक वाचलं, तर ही चार विधानं एकत्र का आली, याचं त्याला नवल वाटणार नाही. नावाचं कदाचित वाटेल.